मदयन्तिका : घरगुती मेंदीलेखन व आपले कर्तव्य

नागपंचमी व लग्नसराई जवळ आली की घाटंजीसारख्या गावीही तयार कोनांची मागणी वाढते. घरीच मेंदी काढू इच्छिणाऱ्या भगिनींना योग्य मार्गदर्शन करणे हे वैद्य व औषधविक्रेते या नात्याने आपले कर्तव्य आहे.

द्रव्य : मदयन्तिका रसाने कषाय-तिक्त व वीर्याने शीत आहे. पानांतील लॉसोन हे रंजकद्रव्य त्वचेच्या बाह्यस्तरातील केराटिनशी बद्ध होते; म्हणून जाड त्वचेच्या तळहातावर रंग अधिक खुलतो. राजस्थानातील सोजतच्या मेंदीस २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

कृती : ताजे पत्रचूर्ण वस्त्रगाळ करून पाणी व लिंबूरसात दाटसर कालवावे. काही तास झाकून ठेवून कोनात भरावे. लेप चार ते सहा तास ठेवून खरवडावा. लगेच पाणी लावू नये. प्रथम केशरी दिसणारा रंग २४ ते ४८ तासांत तांबूस-तपकिरी होतो.

दक्षता : कोणतीही मेंदी स्वभावतः काळी नसते. तासाभरात काळा रंग देणाऱ्या कोनात बहुधा पॅराफेनिलीनडायअमाईन हे केशरंजनातील रसायन असते. त्याने दाह, कंडू व स्फोट उत्पन्न होतात. एकदा असात्म्य झाल्यास पुढे केसांचा कलपही घातक ठरू शकतो. अशा रुग्णास पूर्वी लावलेल्या मेंदीविषयी अवश्य विचारावे. जी-सिक्स-पीडी न्यूनता असणाऱ्यांत शुद्ध मेंदीनेही रक्तकणांचे विघटन होऊ शकते. म्हणून तान्ह्या बालकांस ती लावू नये.

घटकांची नोंद नसलेला कोन आपल्या दुकानी ठेवू नये, हेच श्रेयस्कर.