ग्रामीण वार्ताहर आणि वृत्तविद्येचे शिक्षण

शिरूर तालुक्यातील कारेगाव हे रांजणगाव औद्योगिक वसाहतीलगतचे गाव. अशा गावात पाणी, सांडपाणी किंवा कामगारांच्या निवाऱ्याविषयी एखादी चुकीची बातमी छापली गेल्यास ग्रामस्थांत तेढ निर्माण होते. म्हणूनच ग्रामीण वार्ताहराने वृत्तविद्येचे रीतसर शिक्षण घेणे अगत्याचे आहे. पुणे विद्यापीठात या विद्येचा विभाग १९६४ मध्ये सुरू झाला. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने कामधंदा सांभाळून शिकण्याचा मार्ग खुला केला. ग्रामसभेचे इतिवृत्त वाचणे, माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अभिलेख मिळविणे आणि दोन्ही बाजू पडताळणे हा या शिक्षणाचा गाभा होय. अंदाजपत्रक जाणणारा वार्ताहर हा पंचायतीचा वैरी नसून गावाचा जागल्या असतो. शिक्षकांनी होतकरू तरुणांना या शिक्षणाकडे वळवावे.