हातांची भाषा आणि रंगभूमी : एका फ्रेंच-अमेरिकन सहकार्याचा अभ्यास

दिव्यांग आणि अन्य कलावंतांच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याचा विषय निघाला की बहुधा एखाद्या महोत्सवाचे चित्र डोळ्यांसमोर येते : सजविलेला रंगमंच, मान्यवरांची भाषणे आणि त्यांच्या मध्ये बसविलेला एक 'विशेष' कार्यक्रम. असे सहकार्य संपल्यावर मागे काय उरले, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. या दृष्टीने, पॅरिसच्या सीमेवरील व्हॅन्सेन येथे १९७६ साली स्थापन झालेल्या 'इंटरनॅशनल व्हिज्युअल थिएटर' या नाट्यसंस्थेचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. अल्फ्रेडो कोराडो हे कर्णबधिर अमेरिकन कलावंत आणि ज्याँ ग्रेमियाँ हे ऐकू येणारे फ्रेंच दिग्दर्शक हे तिचे दोन संस्थापक होत.

अमेरिकेतून आलेल्या कलावंताने फ्रान्समधील कर्णबधिरांना काय द्यावे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अठराव्या शतकात आबे द लेपे या धर्मोपदेशकाने पॅरिस येथे कर्णबधिर मुलांना हातांच्या खुणांच्या साहाय्याने शिक्षण देण्यास प्रारंभ केला. तेथे उभ्या राहिलेल्या शाळेतील लोराँ क्लेर हे कर्णबधिर शिक्षक १८१६ साली थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट यांच्यासमवेत अमेरिकेस गेले. जहाजावरील दीर्घ प्रवासात क्लेर यांनी गॅलॉडेट यांना खुणा शिकविल्या आणि गॅलॉडेट यांनी क्लेर यांना इंग्रजी! १८१७ साली हार्टफर्ड येथे त्यांनी शाळा काढली. फ्रेंच खुणा आणि विद्यार्थ्यांनी घरून आणलेल्या खुणा यांच्या मिश्रणातून अमेरिकन सांकेतिक भाषा घडत गेली.

पुढे मायदेशीच या भाषेवर संक्रांत आली. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिर मुलांना केवळ ओठांच्या हालचाली वाचण्यास व तोंडाने बोलण्यास शिकवावे, असा ठराव केला. ठराव करणारे जवळजवळ सर्वच ऐकू येणारे होते, हे येथे नमूद केले पाहिजे. फ्रान्समधील वर्गांतून खुणा हद्दपार झाल्या. मुले त्या लपूनछपून वापरीत राहिली. परंतु आपण वापरतो ती भाषा आहे, असे म्हणण्याचे धैर्य पुढील पिढ्यांना उरले नाही.

अमेरिकेत परिस्थिती काहीशी निराळी होती. तेथे १९६७ साली रंगमंच-रचनाकार डेव्हिड हेज यांच्या पुढाकाराने 'नॅशनल थिएटर ऑफ द डेफ' स्थापन झाले. कर्णबधिर नट हातांनी संवाद करीत आणि त्यांच्यासमवेत वावरणारे ऐकू येणारे नट तेच संवाद उच्चारीत. पुढे भव्य 'महाभारत' रंगभूमीवर आणणारे दिग्दर्शक पीटर ब्रुक यांनीही १९७१ साली पॅरिस येथे या मंडळींबरोबर काम केले.

या पार्श्वभूमीवर कोराडो यांचे आगमन पाहिले म्हणजे त्याचे महत्त्व लक्षात येते. क्लेर यांनी नेलेले धन सुमारे एकशेसाठ वर्षांनी व्याजासह परत येत होते. व्हॅन्सेनच्या ऐतिहासिक किल्ल्यातील एका मनोऱ्यात नाट्यशाळा सुरू झाली. बिल मूडी या ऐकू येणाऱ्या अमेरिकन दुभाष्याने तिच्या कार्यात मोलाचा वाटा उचलला. नाट्यप्रयोगांच्या जोडीने तेथे सांकेतिक भाषेचे वर्ग भरू लागले. त्यात शिक्षक कर्णबधिर आणि विद्यार्थी ऐकू येणारे, अशी उलटी मांडणी होती. प्रस्तुत लेखकाच्या मते या साऱ्या उपक्रमाचे मर्म या मांडणीतच आहे. १९८३ साली मूडी यांच्या नावे फ्रेंच सांकेतिक भाषेवरील ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला.

एका लहान मुलीच्या बाबतीत या सहकार्याचे मोल विशेषच प्रत्ययास येते. १९७१ साली जन्मलेल्या एमान्युएल लाबोरी या जन्मतः कर्णबधिर. कोराडो यांची दुभाष्यामार्फत झालेली मुलाखत त्यांच्या वडिलांनी नभोवाणीवर ऐकली आणि सात वर्षांच्या मुलीस ते व्हॅन्सेनला घेऊन गेले. तोपर्यंत तिने प्रौढ कर्णबधिर व्यक्ती पाहिलेलीच नव्हती. त्यामुळे आपल्यासारखी मुले मोठी होतच नसावीत, लहानपणीच मरत असावीत, अशी तिची समजूत झाली होती. समोर उभा असलेला प्रौढ कर्णबधिर कलावंत पाहून तिला प्रथमच उमगले, की आपणही मोठे होणार आहोत.

ही मुलगी मोठी झाली. मार्क मेडॉफ यांनी फिलिस फ्रेलिक या कर्णबधिर अमेरिकन अभिनेत्रीसाठी लिहिलेल्या नाटकाच्या फ्रेंच प्रयोगात तिने प्रमुख भूमिका केली आणि १९९३ साली फ्रेंच रंगभूमीचा मानाचा मोलिएर पुरस्कार मिळविला. पुढे व्हॅन्सेनच्या याच संस्थेची सूत्रे तिच्याकडे आली. २००७ साली संस्था पॅरिसमधील 'ग्रां गिन्योल' या जुन्या नाट्यगृहाच्या वास्तूत गेली. एके काळी भयनाट्यांतील किंकाळ्यांबद्दल ही वास्तू प्रसिद्ध होती! दरम्यान, २००५ च्या कायद्याने फ्रान्सने सांकेतिक भाषेस परिपूर्ण भाषा म्हणून मान्यता दिली होती. त्यामागे अनेक संघटनांचे परिश्रम होते. सारे श्रेय एका नाट्यसंस्थेस देणे योग्य ठरणार नाही.

आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २९ अन्वये दिव्यांग कलावंतांना व लेखकांना सुविधा, साहाय्य आणि प्रायोजकत्व मिळावे, अशी तरतूद आहे. जानेवारी २०२३ मध्ये पणजी येथे पहिला 'पर्पल फेस्ट' भरला, तेव्हापासून गोव्यातही या विषयाकडे लक्ष वेधले गेले आहे. अशा उपक्रमांचे संयोजन करणाऱ्यांनी काही व्यावहारिक गोष्टी प्रारंभीच ध्यानी घ्याव्यात. कर्णबधिर नटाचा संवाद काळोखात ऐकू येत नाही. म्हणून प्रकाश त्याच्या हातांवर व चेहऱ्यावर असावा लागतो. दिग्दर्शक बोलत असता नटाची दृष्टी एकाच वेळी दुभाष्याकडे आणि सहकलाकाराकडे राहू शकत नाही, त्यामुळे तालमींस अधिक दिवस लागतात. आणि दुभाष्याचे मानधन उद्घाटनाच्या दिवसापुरते न धरता तालमीच्या पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात दाखवावे.