तुळई किती वाकली?

विद्यार्थी मित्रांनो, भूगोलाच्या तासाला नकाशा उघडला की तुम्ही आधी त्याचे प्रमाण पाहता. प्रमाण न पाहता दोन गावांमधले अंतर सांगता येत नाही. संगणकावरील चित्रांचेही असेच आहे. आमच्या घरी घडलेला एक प्रसंग सांगतो.

आम्हांला घरावर एक खोली बांधायची होती. माझा भाचा स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका संध्याकाळी त्याने छताखालच्या काँक्रीटच्या तुळईचे चित्र संगणकावर दाखवले. तुळई ५ मीटर लांब होती. चित्रात ती झोळीसारखी खाली लोंबत होती आणि मधोमध लालभडक दिसत होती.

अब्बा घाबरले. "अरे, ही तर कोसळते आहे! अशा छताखाली मुलांना झोपवायचे?"

"नानाजान, चित्राच्या कोपऱ्यात काय लिहिले आहे ते वाचा," भाचा म्हणाला.

अब्बांनी चष्मा लावला. तेथे लिहिले होते : 'वाकाचे प्रमाण १००'.

"म्हणजे काय?"

"म्हणजे खरा वाक १०० पटींनी मोठा करून दाखवला आहे. तुळई खरोखर वाकेल फक्त ५ मिलिमीटर."

अब्बांनी सारी हयात शिवणकाम केले. त्यांनी टेपवर ५ मिलिमीटर पाहिले आणि म्हणाले, "एवढे कापड तर मी शिलाईत दाबतो. मग असे खोटे चित्र कशाला काढतोस?"

भाच्याने समजावून सांगितले, "संगणक तुळईचे लहान लहान तुकडे कल्पितो आणि प्रत्येक तुकडा किती सरकेल याचे गणित करतो. या पद्धतीला अमेरिकेतील रे क्लफ यांनी १९६० साली 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिले. आता पाहा, पडद्यावर ही तुळई २५ सेंटिमीटर लांब दिसते. त्याच मापाने ५ मिलिमीटरचा वाक पाव मिलिमीटर होईल. तो डोळ्यांना दिसणारच नाही. म्हणून संगणक तुळईची लांबी तशीच ठेवतो आणि फक्त वाक वाढवतो. तुळई कोठे आणि कशी वाकते, हे त्यामुळे कळते. किती वाकते, हे मात्र चित्र सांगत नाही, आकडा सांगतो."

"आणि हा लाल रंग?"

"लाल म्हणजे धोका नव्हे. या चित्रात जेथे वाक सर्वांत जास्त, तेथे लाल रंग. तुळई केसभर वाकली तरी तिचा कोणता तरी भाग लाल दिसणारच."

मग त्याने तुळईची उंची निम्मी केली. ओझे तेवढेच ठेवले. नवे चित्र आले. तुळई बारीक झाली होती, पण वाक पहिल्या चित्राइतकाच दिसत होता. अब्बा खूश झाले. "मग हीच बांधू या. सिमेंट वाचेल."

"नानाजान, पुन्हा कोपऱ्यात पाहा."

आता तेथे १२.५ लिहिले होते. उंची निम्मी केल्यामुळे खरा वाक ८ पट, म्हणजे ४० मिलिमीटर झाला होता. वाक कितीही असो, तो चित्रात तुळईच्या लांबीच्या दहाव्या भागाइतका दिसावा, असे प्रमाण त्या संगणकाने आपणहून निवडले होते. म्हणून दोन्ही चित्रे सारखी दिसली.

२००० सालच्या भारतीय मानक ४५६ मध्ये म्हटले आहे की, काळानुसार काँक्रीट आणखी वाकते तेही धरून, तुळईचा वाक सर्वसाधारणपणे तिच्या लांबीच्या २५०व्या भागाहून अधिक नसावा. आमच्या तुळईसाठी ही मर्यादा २० मिलिमीटर होते. दुसरी तुळई तर सुरुवातीलाच मर्यादेच्या दुप्पट वाकत होती! शिवाय तुळई किती ओझे पेलेल, याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

अब्बा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पहिल्या चित्राला मी उगाच घाबरलो आणि दुसऱ्यावर उगाच विश्वास ठेवला. दोन्ही वेळा मी कोपरा वाचला नाही."

मित्रांनो, चित्र डोळ्यांनी पाहायचे असते, पण त्याचा अर्थ आकड्यांनी लावायचा असतो.

शब्दार्थ
तुळई – छताचे ओझे पेलणारा आडवा आधार, बीम
वाक – वाकल्यामुळे आलेला बाक
सारी हयात – संपूर्ण आयुष्य
मानक – ठरवून दिलेला नियम किंवा माप

स्वाध्याय
१. अब्बा पहिले चित्र पाहून का घाबरले?
२. दोन्ही चित्रांतील वाक सारखा का दिसला?
३. एका चित्रात वाक ६० सेंटिमीटर इतका दाखवला आहे आणि प्रमाण २०० आहे. खरा वाक किती मिलिमीटर?