आजचं चिंतन: शिकवणाराच नसेल तर?



आज गीतेच्या चौथ्या अध्यायातला 34 वा श्लोक. आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो पाठ असेल. ज्ञान हवं असेल तर जाणत्याकडे जा, नम्र हो, प्रश्न विचार, सेवा कर, मग तो शिकवेल, असं भगवंत सांगतात. अर्जुनाचं बरं होतं, जाणता त्याच्या रथावरच बसला होता. पण जिथे शिकवणारं माणूसच उरलं नाही, तिथे काय करायचं?

हा प्रश्न मला घरच्या अनुभवातून पडला. मुरबाडजवळ आमचं गाव. देवळात रोज संध्याकाळी हरिपाठ व्हायचा. सांगणारे एकच बुवा, सगळ्या चाली त्यांच्या गळ्यात. बुवा गेले. आता सात वाजले की देवळात पेन ड्राइव्ह लावतात. मागच्या एकादशीला गावी गेलो होतो. एका वयस्कर बाबांनी माझ्या हातात टाळ दिले. "इंजिनिअर, आज तू सांग." मी म्हटलं, "बाबा, मला नाही येत." त्यांनी काही न बोलता टाळ परत घेतले. कल्याणला येईपर्यंत एसटीत मला तेच दिसत होतं.

आमच्या आयटीत 'बस फॅक्टर' म्हणून एक हिशोब असतो. टीममधली किती माणसं अचानक गेली तर काम ठप्प होईल, तो आकडा. आमच्या हरिपाठाचा आकडा एक होता.

मग मला एक समाज आठवला, आपल्याच जिल्ह्यातला. नवरात्रात आपण ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीला जातो ना, त्याच भागात ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. नाव शआर हाशामाइम, म्हणजे स्वर्गाचं द्वार. 1879 सालचं. ते बांधणारे बेने इस्राएल. घरात मराठी बोलणारे, आडनावं दिवेकर, किहीमकर, राजपूरकर अशी.

त्यांची परंपरा सांगते की पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ग्रंथ सगळे बुडाले. पुढे ते कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ना पोथी, ना गुरू. उरलं काय, तर शनिवारची विश्रांती, मुलांची सुंता, खाण्याचे काही नियम आणि 'शेमा' नावाची एक प्रार्थना. हिब्रूत शेमा म्हणजे 'ऐक'.

मग दाविद रहाबी नावाचे एक जाणते ज्यू तिथे आले. त्यांचा काळ कोणता, यावर अभ्यासकांत बरेच मतभेद आहेत. गोष्ट अशी सांगतात की त्यांनी बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे वेगळे काढले. ज्यूंच्या शास्त्रात हेच मासे चालतात. रहाबींनी ओळखलं, ही आपलीच माणसं.

मला यातली पुढची पायरी महत्त्वाची वाटते. रहाबी स्वतः गादीवर बसले नाहीत. त्यांनी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतले तीन जण निवडून शिकवले. त्यांना 'काजी' म्हणू लागले. काजी गावोगाव फिरायचे, लग्नं लावायचे, सुंता करायचे, भांडणं मिटवायचे. काम बापाकडून मुलाकडे जायचं. एक जाणता आला आणि आकडा तीनवर गेला!

1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत बेने इस्राएलांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. हे लोक त्याला 'मशीद' म्हणत. तिथली पदं ऐकली की आपला गावगाडाच आठवतो. मुकादम म्हणजे प्रमुख, चौगुला त्याचा मदतनीस, गब्बाई खजिनदार, शमाश देखभाल करणारा. प्रार्थना सांगायला हज्जान.

हज्जान आणि रब्बी यांच्यात फरक आहे. रब्बी म्हणजे धर्मशास्त्र शिकून निर्णय देण्याचा अधिकार मिळालेला गुरू. बेने इस्राएलांकडे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःचे रब्बी नव्हते. त्यांचा धर्म काजी, हज्जान आणि शिक्षक यांनी चालवला.

असेच एक हज्जान कोचीनहून आलेले शेलोमो सालेम शुर्राबी. पगार वर्षाला 100 रुपये. पोटासाठी ते पुस्तकं बांधायचे, म्हणजे बुकबाइंडिंग करायचे, आणि लोकांना प्रार्थना शिकवायचे. 1856 मध्ये ते वारले. त्यांच्या हयातीतच रेवदंडा (1842), अलिबाग (1848) आणि पनवेल (1849) इथे प्रार्थनामंदिरं उभी राहिली.

मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी भाषा शिकून घेतली, धर्म बहुतेकांनी आपलाच ठेवला. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, म्हणजे तोंडपाठ म्हणणाऱ्याला अर्थही कळावा. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी 1875 मध्ये मुलांसाठी इस्राएली शाळा काढली. आणि 1880 च्या सुमारास या लोकांनी चक्क कीर्तनं सुरू केली! आपल्यासारखीच मराठी कीर्तनं, आख्यान मात्र बायबलातलं.

एक नियम मात्र मला सगळ्यात जास्त लागला. हज्जान कितीही विद्वान असो, सामुदायिक प्रार्थना पूर्ण व्हायला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष हजर लागतात. याला 'मिन्यान' म्हणतात. नऊ जमले तर ठराविक प्रार्थना म्हणताच येत नाहीत. 1948 च्या सुमारास भारतात बेने इस्राएल 20,000 च्या आसपास होते. पुढे बहुतेक जण इस्राएलला गेले. आज देशात सगळे ज्यू मिळून 5,000 सुद्धा नाहीत. कोकणातल्या जुन्या मंदिरांत दहा माणसं जमवणंच अवघड झालंय.

हे वाचून मी आजच्या श्लोकाकडे परत आलो आणि जरा ओशाळलो. श्लोकात गुरूचं काम शेवटी येतं. आधीची तिन्ही कामं शिष्याची आहेत. वाकायचं त्याने, विचारायचं त्याने, सेवा करायची त्याने. आमच्याकडे बुवा होते ना! माझ्या कळत्या वयात निदान पंधरा वर्षं होते. त्या पंधरा वर्षांत मी त्यांना एकही चाल विचारली नाही. "बुवा आहेत की," एवढंच म्हणत राहिलो. देवळातला पेन ड्राइव्ह बुवा गेल्यामुळे आला खरा, पण त्यात माझाही वाटा आहे.

टाळ परत घेणाऱ्या त्या बाबांना तीन-चार चाली येतात. येत्या शनिवारी मी गावी जातोय. मोबाइलवर रेकॉर्ड करणारच, पण रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हमध्येही आहेच. म्हणून त्यांच्यासमोर बसून, चुकत-माकत, एक चाल गळ्यात उतरेपर्यंत म्हणायची आहे. सोबत चुलतभावाच्या मुलालाही नेतोय. तो आठवीत आहे. आकडा निदान दोनवर न्यायचाय.

आजचा अभ्यास: तुमच्या घरातलं किंवा गावातलं असं एक माणूस आठवा, ज्याला येतं ते दुसऱ्या कुणालाच येत नाही. आरतीची चाल असेल, एखाद्या व्रताची कहाणी असेल, ग्रामदेवतेच्या पूजेची रीत असेल. आज रात्री त्यांना फोन करा आणि एकच गोष्ट विचारा: "मला शिकवाल का?"

राम कृष्ण हरी.