रक्तदाब : न दुखणारे दुखणे

दाब म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मोटर चालू असताना पुढचा व्हॉल्व्ह आवळला की पाइपात दाब चढतो आणि कुठलातरी कमजोर सांधा सुटतो. तो सुटेपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. आपल्या रक्तवाहिन्यांचेही तसेच आहे.

हृदय रक्त ढकलते तेव्हाचा दाब हा वरचा आकडा. दोन ठोक्यांमधला दाब हा खालचा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून अधिक भरला, तर तो उच्च रक्तदाब समजतात. एका मोजणीने घाबरू नये. तंबाखूचा बार भरून घाईने दवाखाना गाठलेल्याचा दाब चढलेलाच दिसणार! अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे, हात छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवावा आणि बोलू नये.

बहुतेकांना डोकेदुखी नाही, चक्कर नाही. नांगरट, मळणी सारे सुरळीत चालते. आत मात्र जादा ओझ्याने हृदयाचा स्नायू जाड होतो, मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्या निकामी होत जातात. मेंदूतील वाहिनी तुंबली वा फुटली की पक्षाघात. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, तर अंगाला तेल चोळत बसू नये. सीटी स्कॅनची सोय असलेले इस्पितळ ताबडतोब गाठावे. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देतात.

मीठ दिवसाला एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. लोणचे, पापड, सुकी मासळी यांतले मीठही त्यात धरायचे. उपवासकाळात शुक्रवारी मांस टाळून ताटात खारा बांगडा घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आम्हांला सर्वांत काळजी वाटते ती गोळी मध्येच सोडणाऱ्यांची. “दाब उतरला, आता गोळी कशाला?” असे पुष्कळजण म्हणतात. अहो, तो उतरला गोळीमुळेच! बंद केली की बहुधा पुन्हा चढतो. गोळी कमी करायची की बदलायची, ते डॉक्टरांना ठरवू द्यावे.

दुसऱ्या एका गोळीविषयी मात्र सावध राहावे. भांगलण करून कंबर धरली म्हणून दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या वारंवार घेतल्यास दाब वाढतो आणि मूत्रपिंडालाही इजा होते. अशा गोळ्या घेत असाल तर दाब मोजायला जाताना त्यांचे पाकीट बरोबर न्या.