‘जीवरक्षक’, ‘जीवदान’ आणि ‘तारणे’

जीव वाचण्याच्या प्रसंगी मराठीत ‘जीवदान’, ‘जीवरक्षक’, ‘जीवनरक्षक’ आणि ‘तारक’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. आमच्या बेगम बाजारापासून जवळच, उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुनी चिंच आहे. तिला यांपैकी कोणता शब्द शोभेल, असा प्रश्न केला की त्यांतील अंतर स्पष्ट होते.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. या चिंचेवर चढलेले सुमारे दीडशे लोक वाचले, असे सांगतात. कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व मुलगी मात्र त्याच पुरात गेली.

‘जीवदान’ देतो तो, ज्याच्या हाती जीव घेणेही असते. राजा अपराध्याला जीवदान देतो. झेल सुटला की क्षेत्ररक्षक फलंदाजाला देतो. चिंचेकडे अशी सत्ता नव्हती.

‘जीवरक्षक’ या शब्दात आधीपासूनची सिद्धता आहे. मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावरचा जीवरक्षक कोणी बुडण्यापूर्वीच तेथे उभा असतो. जीवरक्षक औषधही हाताशी ठेवलेले असते. चिंचेला कोणी पहाऱ्यावर नेमले नव्हते.

‘जीवनरक्षक’ औषधांच्या संदर्भात रूढ आहे. पण ‘जीवन’ म्हणजे पाणीही. महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणीपुरवठ्याचेच काम पाहते. पुराच्या प्रसंगी हा शब्द उलटा अर्थ सुचवतो.

उरते ‘तारणे’. त्याचे मूळ संस्कृत ‘तॄ’, म्हणजे पार जाणे. तरणे, तारू, तारक हे त्याच कुळातले शब्द. येथे सत्ता लागत नाही, नेमणूकही लागत नाही. पाण्यातून पार नेले, एवढे पुरते. ‘देव तारी त्याला कोण मारी’ या म्हणीत हाच भाव आहे. म्हणून चिंच ‘तारक’ होय.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. पुरानंतर विश्वेश्वरय्या यांना पाचारण झाले. पुढे उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) बांधून झाले. ते खरे रक्षक, कारण ते पुढच्या पुरासाठी आधीच उभे केले गेले. झाडाला ‘रक्षक’ म्हटले, तर माणसांनी करावयाची तयारी नकळत झाडावर ढकलली जाते. तारले जाणे हा योग आहे, रक्षण करणे हे कर्तव्य. विद्यार्थ्यांना हे शब्द शिकवताना एवढे अंतर जरूर दाखवावे.