गारगोटीत सोने किती?

भिलाईच्या नेहरू नगराहून पूर्वेकडे निघून रायपूर आणि पुढे महानदी ओलांडली, की बलौदा बाजार जिल्ह्यातील सोनाखानचा डोंगराळ मुलूख लागतो. गावाच्या नावातच सोन्याची खाण आहे. येथील बाघमारा क्षेत्राचा २०१६ साली लिलाव झाला; भारतातील सोन्याच्या खाणीचा तो पहिला लिलाव होय. अशा मुलखातील पिवळ्या कणांची पांढरी गारगोटी एखाद्या हौशी संग्राहकाच्या हाती आली, तर तिच्यात सोने किती असेल, हा प्रश्न त्याला पडणारच. दगड न फोडता याचे उत्तर मिळू शकेल काय? काही अटींवर मिळू शकेल.

पाण्यात बुडालेल्या पदार्थाचे वजन, त्याने बाजूस सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके घटते, हा आर्किमिडीजचा सिद्धांत वाचकांस ठाऊक आहेच. एक घन सेंटिमीटर पाण्याचे वजन एक ग्रॅम असते. म्हणून वजनात जितके ग्रॅम घट, तितके घन सेंटिमीटर दगडाचे घनफळ. आता शुद्ध गारगोटीचे विशिष्ट गुरुत्व २.६५ आहे, तर शुद्ध सोन्याचे १९.३. अर्थात दगडात सोने असल्यास तो आकाराच्या मानाने जड भरतो.

दगड स्वच्छ धुऊन, वाळवून तोलावा. नंतर बारीक दोऱ्याने तराजूच्या दांडीस टांगून, भांड्याच्या तळास वा बाजूस न टेकेल अशा रीतीने पाण्यात पूर्ण बुडवावा, चिकटलेले बुडबुडे झटकावेत आणि पुन्हा तोलावा. समजा, हवेतील वजन ३०० ग्रॅम व पाण्यातील २०० ग्रॅम भरले. घट १०० ग्रॅम. म्हणून घनफळ १०० घन सेंटिमीटर. एवढ्या घनफळाच्या निव्वळ गारगोटीचे वजन २६५ ग्रॅम झाले असते. जादा वजन ३५ ग्रॅम. यास १.१६ ने गुणावे. सोने सुमारे ४०.६ ग्रॅम येते. (१९.३ ला १९.३ व २.६५ यांच्या वजाबाकीने भागले असता १.१६ हा गुणक मिळतो.)

परंतु हर्ष करण्यापूर्वी थोडे थांबावे. तराजू केवळ जडपणा सांगतो; तो जडपणा सोन्याचाच आहे, हे सांगत नाही. पायराइट अथवा लोहमाक्षिक हे खनिजही पिवळे व चकचकीत असून त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ५ आहे. त्याच दगडात सोन्याचा कणही नसून ७४.५ ग्रॅम पायराइट असेल, तरी दोन्ही वजने तंतोतंत तीच येतील! म्हणून आधी कण पारखावा. सुईच्या टोकाने दाबले असता सोने दबते, पायराइटचा चुरा होतो. झिलई नसलेल्या चिनी मातीवर घासल्यास सोन्याची रेघ पिवळी, तर पायराइटची हिरवट काळी उमटते.

दुसरी गोष्ट अचूकतेची. वरील उदाहरणात पाण्यातील वजनात एका ग्रॅमची चूक झाली, तर सोन्याच्या उत्तरात तीन ग्रॅमांची चूक होते. दगडात बंद पोकळ्या असल्यास उत्तर कमी येते. शिवाय नैसर्गिक सोन्यात चांदी मिसळलेली असल्याने १९.३ हा आकडाही काहीसा कमी धरावा लागतो.

यावरून या रीतीची मर्यादा स्पष्ट होते. डोळ्यांना ठसठशीत सोने दिसणाऱ्या नमुन्यासच ती लागू पडते. टनास पाच ग्रॅम सोने देणाऱ्या खडकाच्या ३०० ग्रॅम तुकड्यात अवघे दीड मिलिग्रॅम सोने असते. घरचा तराजू तेथे काय सांगणार? अशा खडकाचे चूर्ण करून, ते शिशाच्या संयुगाबरोबर भट्टीत वितळवून प्रयोगशाळेतच परीक्षा करावी लागते. केवळ पाण्यातील वजनावर विसंबून जो सोन्याचा दगड विकत घेईल, तो पायराइटलाही सोन्याचे मोल देऊन बसेल.

अभ्यास : एका गारगोटीचे हवेतील वजन २१२ ग्रॅम असून पाण्यात ती ७६ ग्रॅमनी हलकी भरते. जादा वजन सोन्याचे मानल्यास सोने किती? पायराइटचे मानल्यास पायराइट किती? (उत्तर : सुमारे १२.३ ग्रॅम, सुमारे २२.६ ग्रॅम.)